देवाची काठी अन् धुऱ्यावरची वाट

आमच्या वावराचा रस्ता मोकळा झाला तेव्हापासून गावातले दोन-चार जण येऊन विचारून गेले की भाऊ, नवस कुठं बोलला होता, शेगावला का पोहरादेवीला. आता काय सांगावं. नवस नव्हताच काही, अर्ज होता, अन् अर्जाच्या मागं देवाशी चाललेलं भांडण होतं जे अजून पुरतं मिटलेलं नाही. म्हणलं एकदा सगळं लिहूनच काढू.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, अडाण नदीच्या खोऱ्यात. जमीन काळी अन् भारी, पावसाळ्यात बंडीचं चाक फसलं तर दुसरी बैलजोडी आणून लावावी लागते. गावाकडून निघालं की आधी काकाचं वावर लागते अन् मग आमचं. काकाच्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, आमची वाट, आजोबाच्या काळापासूनची, पण कागदावर कुठंच नाही कारण त्या काळात कोणाला वाटलंच नाही की वाट पण कागदावर लागते. काका म्हणजे रक्ताचा नाही, धुरकरी, म्हणजे धुऱ्याला लागून वावर असलेला शेजारी, पण बाबांचा जिवाभावाचा माणूस, दोघं सोबत हरिपाठाला बसायचे, आई त्याला भाऊजी म्हणते. गळ्यात माळ, सप्ताहात विण्याला उभा राहणारा माणूस. हे मुद्दाम सांगतो कारण लोकांना वाटते रस्ता अडवणारा म्हणजे दारुडा नाहीतर गावगुंड असेल. तसं काही नव्हतं.

बाबा २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. मे महिन्यात एक दिवस वावरात गेलो तर धुऱ्यावर जेसीबीनं नाली खोदलेली अन् तिच्या अलीकडं काटेरी तार. काकाला विचारलं तर म्हणे, "तुह्या बापाले मी जाऊ देत होतो, तो माह्या अन् त्याचा सबंध होता. आता धुरा माह्या हाय, मी तिथं सागाची रोपं लावतो." बस एवढंच. भांडला नाही, शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं, कारण मग तरी मनातलं ओकता आलं असतं.

लहाना भाऊ त्याच रात्री कुऱ्हाड घेऊन निघाला होता तार तोडायला. आई दारात आडवी बसली. म्हणे, "आज तार तोडसान, उद्या डोकं फोडसान, अन् मंग मले जेलात डबा आणा लागन." ते तिथंच थांबलं.

पहिले आम्ही गावातच मिटवायचं ठरवलं. तंटामुक्त समितीसमोर बैठक झाली, चहा झाला, सगळे म्हणाले की वाट तर होतीच, पण काकासमोर तोंड उघडून सही कोणीच करेना. त्यांचंही चूक म्हणवत नाही, प्रत्येकाचा कोणता ना कोणता धुरा काकाला लागून आहे. मग तहसीलला गेलो तर तिथले बाबू म्हणाले सातबारा तर तुमच्या वडिलांच्या नावानं आहे, मेलेल्या माणसाचा अर्ज घेऊ का. मग वारसाची नोंद, तिचा फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, तलाठी ट्रेनिंगला, मंडळ अधिकारी रजेवर. यात पावसाळा गेला.

अन् त्या वर्षीचा पाऊस ज्याला आठवत असेल त्याला मी काय सांगू, जुलै २०२२, नदीनाल्याकाठच्या जमिनी खरडून गेल्या होत्या जिल्ह्यात. आमचं त्यातूनही सोयाबीन बरं राहिलं. सोंगणी झाली, सोंगलेल्या पिकाची गंजी लागली, अन् हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, न्यायला वाट नाही. दुसरीकडून जायचं तर मधे नाला, नाल्यात पाणी. ताडपत्री टाकली पण परतीचा पाऊस आडवा आला अन् गंजी खालून भिजली. चार-पाच दिवसांनी हात घातला तर आतून गरम वाफ, शेंगा फुगलेल्या, अन् दाण्यांना पांढरे पांढरे कोंब. मूठभर उचलून वास घेतला, आंबलेल्या पिठासारखा वास. जे वाचलं ते नाला उतरल्यावर पोत्यात भरून डोक्यावर काढलं, मजूर बाया अर्थातच जास्त रोज मागतात एवढ्या चिखलातून वाहायचं म्हणल्यावर, अन् व्यापाऱ्यानं डाग पाहून भाव पाडला तो वेगळाच.

त्या दिवसांत माझी प्रार्थना एकच होती. मी ती इथं लिहीत नाही, समजून घ्या. आमच्याकडं एखाद्याचं वाईट झालं की म्हातारी माणसं म्हणतात, देवाच्या काठीले आवाज नसते. मी रोज संध्याकाळी देवासमोर बसून त्या काठीची वाट पाहत होतो. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते आमच्या गावात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पद्धतीची, सगळे शांत बसतात, अन् त्या शांततेत माझ्या डोक्यात काकाचं वावर, काकाचे बैल, काकाचं घर. एका कीर्तनकार महाराजांना विचारलं की असं का होते, सरळ चालणाऱ्याचंच का अडते. ते म्हणाले प्रारब्ध, पेरलं तसं उगवते. महाराजांबद्दल आदर आहे पण पेरलं तसं उगवते असं म्हणणाऱ्यानं २०२० चं सोयाबीन पाहिलेलं नाही. त्या जूनमध्ये किती गावांत बियाणं पेरलं अन् उगवलंच नाही, बॅगेवर सगळं बरोबर छापलेलं होतं, माणसानं मेहनतही बरोबर केली होती. तेव्हा हे उत्तर मला पटत नाही. आजही नाही पटत.

वकिलाकडं गेलो तेव्हा एक गोष्ट कळली जी आधी कळायला पाहिजे होती. चालू असलेला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा टाकता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमचे सहा महिने तंटामुक्ती अन् वारसनोंदीत संपले होते. मग दुसरा मार्ग, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३, धुऱ्यावरून रस्ता मागायचा. साधा अर्ज, सोबत सातबारा, गटाचा नकाशा, हातानं काढलेला कच्चा नकाशा, अन् ज्यांच्या ज्यांच्या धुऱ्यावरून वाट जाते त्या सगळ्यांची नावं-पत्ते. ही नावं नीट द्या, एक जरी धुरकरी सुटला तर पुढं तोच उभा राहते की मला नोटीसच नाही.

डिसेंबरात अर्ज टाकला. मग तारखा. तारीख म्हणजे सकाळी बस पकडून जायचं, बाकड्यावर बसायचं, दुपारी कळायचं की साहेब मीटिंगला आहेत. त्या बाकड्यावर समोरच्या टोकाला काका बसलेला असायचा. धोतर, टोपी, पिशवीत डबा अन् छोटी पोथी. पुकारा होईस्तोवर तो पोथी वाचायचा अन् मी मोबाईल पाहायचो. एक दिवस त्याच्यासोबत आलेल्या माणसाला तो सांगत होता ते माझ्या कानावर पडलं, "आपण काई वाईट नाही केलं. पांडुरंग पाहून घेईन."

मी हललोच. कारण अगदी तेच, त्याच शब्दांत, मी आदल्या रात्री आईला म्हणलं होतं. म्हणजे एकाच केसमध्ये दोन्ही पार्ट्यांनी एकाच देवाला वकीलपत्र दिलेलं होतं, अन् दोघांचाही पक्का भरोसा की निकाल आपल्याच बाजूनं. घरी येऊन हसूही आलं अन् रडूही. मला वाटत होतं माझी श्रद्धा मोठी आहे, पण मी देवाला न्याय मागतच नव्हतो, निकाल मीच लिहून नेला होता, त्याला खाली फक्त सही ठोकायची होती. काकानंही तसाच लिहून नेला असेल.

त्या रात्रीपासून प्रार्थना थोडी बदलली. एकदम काही शांतबिंत झालो नाही, ते कीर्तनात होते. फक्त एवढं ठरवलं की काकाचं काय व्हायचं ते माझ्या यादीतून काढायचं. माझ्याकडं काम एवढंच की तारीख पाळायची, कागद नीट ठेवायचे, तोंड सांभाळायचं. बाकी त्याचं. हे बोलायला सोपं आहे, रोज करावं लागते, अन् काही दिवस जमतही नाही.

उन्हाळ्यात स्थळपाहणी झाली. मंडळ अधिकारी, तलाठी, पंच. वाटेवर काका म्हणाला इथं वाट कधी नव्हतीच. पंच खाली पाहत उभे. मंडळ अधिकारी माणूस बरा होता, तो कोणालाच विचारत बसला नाही, नालीच्या पलीकडं चालत गेला अन् पायानं माती उकरली. नांगरटीच्या ढेकळांच्या मधे एक पट्टा होता जिथं माती दगडासारखी दबलेली, दोन चाकोऱ्या एकसारख्या अंतरावर, वर पालापाचोळा साचलेला. पिढ्यान्‌पिढ्या बंडी गेलेली जमीन अशी एका नांगरटीत भुसभुशीत होत नाही. त्यानं टेप लावला, फोटो काढला अन् पंचनाम्यात लिहिलं. माणसं गप राहिली पण माती बोलली असं आई नंतर म्हणाली, आईला असं बोलायची सवय आहे.

ऑगस्टात तहसीलदाराचा आदेश आला. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी चार-चार फूट, आठ फूट रस्ता. पेढे वाटणार तेवढ्यात काकानं एसडीओकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं, अपील टाकलं अन् स्टे आणला. जैसे थे. म्हणजे तार जैसे थे, नाली जैसे थे, अन् आमचं सोयाबीन पुन्हा वावरात. इथं एक सांगून ठेवतो, आदेश हातात पडला की समोरचा वर जाणार हे धरूनच चालायचं अन् वकिलाला त्याच दिवशी विचारायचं की आपलं ऐकल्याशिवाय स्टे मिळू नये म्हणून काय करता येईल. दिवाणी कोर्टात कॅव्हेट टाकतात, ते नव्वद दिवस चालते, मग पुन्हा टाकावं लागते.

आता त्या रात्रीचं सांगतो.

आमच्या गावात सप्ताह कोजागिरीला लागून बसते. सात दिवस विणा खाली ठेवायचा नाही, रात्रंदिवस कोणी ना कोणी गळ्यात घेऊन उभा राहते, दोन-दोन तासांचा पहारा. पहाऱ्याची यादी म्हातारे करतात अन् त्यांनी, मुद्दाम की चुकून देवच जाणे, काकाचा पहारा दहा ते बारा अन् माझा बारा ते दोन असा लावला. विणा देताघेताना एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे. कोर्टात समोरासमोर असलेली दोन माणसं रात्री बारा वाजता देवळात एकमेकांच्या पाया पडली. त्यानं पट्टा माझ्या गळ्यात घातला, तार एकदा छेडून पाहिली, अन् घरी झोपायला गेला. एक शब्द बोलला नाही.

एकच्या सुमारास बाहेर ओरडा झाला. गंजी पेटली, गंजी पेटली. देवळाच्या दारातून दिसत होतं, काकाच्या वावराच्या बाजूला आभाळ लाल. जे दोन-तीन टाळकरी होते ते पळाले, झोपलेले उठून पळाले, अन् मी एकटा उभा, गळ्यात विणा, जो खाली ठेवता येत नाही. मनात पहिले काय आलं ते सांगायला लाज नाही, मनात आलं की वाजली काठी. दुसऱ्या क्षणी पोटात गोळा आला, कारण गंजी कशी जळते अन् तिच्यात काय जळते हे मला माहीत होतं, मी माझी सडलेली गंजी हातानं उपसली होती. जप तोंडात होता पण तोंड कोरडं. दोन वाजले, पुढचा पहारेकरी पण आग विझवायला गेलेला, तो आला तेव्हा अंगावर राख अन् काकाची गंजी पूर्ण संपलेली.

सकाळपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला होता. अर्धे म्हणत होते देवानं दाखवलं, अर्धे माझ्याकडं पाहून डोळा बारीक करत होते. म्हणजे काही लोकांच्या मते देवाची काठी माझ्याच खिशात काडेपेटी होऊन आली होती. दुपारी ठाणेदाराचा निरोप, येऊन जा. आईच्या हातापायातलं बळ गेलं. मी ठाण्याच्या ओट्यावर बसून देवाला म्हणलं, दोन हंगाम गेले ते गेले, आता हेही काय. एवढा कडू मी कधी झालो नव्हतो.

काका आत होता. त्याच्यासोबतचे त्याला सांगत होते नाव घे, नाव घे, असा मोका पुन्हा नाही. ठाणेदारानं विचारलं संशय कोणावर. मी दारातून ऐकलं, काका म्हणाला, "याच्यावर नाही. बारा वाजता म्याच याच्या गयात इना घातला. इना घेतलेला माणूस देऊळ सोडत नाही." ठाणेदारानं पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. बयान लिहून अंगठ्याऐवजी सही केली, चष्मा लावून, हळू हळू, पूर्ण नाव.

बाहेर आला अन् माझ्याकडं न पाहता निघून गेला. आग कशानं लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आता तुम्हाला वाटेल की मग त्यानं अपील मागं घेतलं असेल अन् आम्ही गळाभेट घेतली असेल. नाही. बयान खरं दिलं अन् अपील काही काढलं नाही. पुढच्या तारखेला तोच बाकडा, तीच पोथी. मी त्याच्याकडं जाऊन म्हणलं काका, तुम्ही त्या दिवशी खरं बोलले. तर म्हणे, "खऱ्याचं काय उपकार. रस्ता तुले मी देणार नाही, ते वेगळं." मला त्या माणसाचा तेव्हा राग यावा की कौतुक वाटावं हे समजेना. पण एक झालं, गावातलं कोणी देवानं त्याला शिक्षा केली म्हणलं की मी आता भांडतो. गंजी जळणं हा न्याय असेल तर माझी सडली तो पण न्यायच म्हणावा लागेल, अन् तो देव मला नको. देवाचा न्याय मला त्या ठाण्यात दिसला, तोही ज्याच्या तोंडून यावा असं मला कधीच वाटलं नव्हतं त्याच्या तोंडून, अन् तेही फक्त एका बयानापुरता.

त्या वर्षीचं आमचंही सोयाबीन अर्धं हातात आलं. गेलं तर गेलं.

२०२४ च्या उन्हाळ्यात अपिलाचा निकाल लागला, तहसीलदाराचा आदेश कायम. मंडळ अधिकारी पोलीस घेऊन आले, जेसीबीनं नाली बुजवली, तार गुंडाळून काकाच्याच गोठ्यात नेऊन ठेवली. काका ओट्यावर बसून पाहत होता. त्याची सागाची रोपं तीन-चार लागली होती, ती मी ऑपरेटरला सांगून बाजूनं काढायला लावली अन् मातीसकट त्याच्या आतल्या बाजूला लावून दिली, दोन जगली.

अन् देवाची वेळ म्हणतात ना, ती पाहा. त्या ऑक्टोबरात पहिल्यांदा हडंबा थेट गंजीपाशी गेला, कोरडं ठणठणीत सोयाबीन, ट्रॅक्टर भरून रस्त्यानं बाहेर. अन् बाजारात भाव पडलेला. हमीभाव क्विंटलला ४८९२ अन् व्यापारी चार हजाराच्या आसपास मागत होता. सरकारी खरेदीत ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे, नंतर पंधरापर्यंत सूट दिली पण तोवर ज्यांना दिवाळी करायची होती त्यांनी विकून टाकलं होतं. २०२१ च्या जुलै-ऑगस्टात हेच सोयाबीन दहा हजाराला गेलेलं आम्ही पाहिलं, तेव्हा रस्ता होता पण घरात विकायला दाणा नव्हता. तेव्हा कोणी मला म्हणलं की सगळं योग्य वेळी होते, तर मी मान हलवतो, पण हिशोब सांगत नाही. आई म्हणते त्याची वेळ त्याले माहीत. मी म्हणतो असेल, पण सोसायटीच्या कर्जाची वेळ मलाच माहीत आहे.

भरोसा मात्र आहे. विचाराल कशाचा, तर हे नाही सांगता येत की नुकसान भरून मिळेल म्हणून. दोन हंगामाचे पैसे कोणी देणार नाही, कायद्यात ते वेगळं मागावं लागते अन् माझ्यात आता दम नाही. भरोसा एवढ्याचा की न्याय करायचं काम माझ्या अंगावर नाही, ते दुसरं कोणी पाहते, अन् त्यामुळं मी त्या सगळ्या वर्षांत कुऱ्हाडीला हात न लावता तारखेला जाऊ शकलो. लहाना भाऊ पण. आमच्या तालुक्यात धुऱ्यावरून झालेले खून मी पेपरात वाचतो तेव्हा हे लहान वाटत नाही.

आता राहिलं नोंदीचं. २०२५ मध्ये सरकारनं निर्णय काढला की शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायची. आदेश मिळाला म्हणून घरी बसू नका, ती नोंद करून घ्या, नाहीतर तुमच्या पोरांना पुन्हा पहिल्यापासून. आमची झाली. तलाठ्यानं उतारा हातात दिला तेव्हा काका पण तिथंच होता कशाच्या तरी कामानं, त्यानं माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, वाचला, म्हणाला, "आठ फूट लिवलं. बराबर हाय," अन् परत दिला. अन् जाता जाता सांगून गेला की तो अजून वर जाणार आहे, वकील पाहून ठेवला आहे. मी म्हणलं जा काका, मी पण येतो तारखेला.